बिनकोपऱ्याच्या घरातली शिस्त

२ सप्टेंबर, सोमवार. सकाळी.
ऑकलंडहून एमेलिनेचा फोन. माझी धाकटी मुलगी. ऑक्टोबरात पांढऱ्या रविवारच्या मुलांच्या सणाला येते म्हणाली, आणि जाताना पाइपाइला घेऊन जायचा विचार आहे. पाइपाइ तिची मुलगी. वय चार. आठ महिन्यांची असल्यापासून आमच्याकडे आहे. तिकडे पाचव्या वर्षी शाळा सुरू होते म्हणे. मी म्हटलं, आपल्या बेटावरही शाळा आहे. ती म्हणाली, बाबा, ती कुणाचं ऐकत नाही असं कानावर आलंय, आणि तुम्ही चप्पल फेकता असंही. कुणी सांगितलं ते सांगेना.

मी चप्पल फेकत नाही. चपलेने दिशा दाखवतो. गेल्या महिन्यात फक्त दोनदा लागली, आणि त्यातली एक बायकोला.

शेवटी ठरलं ते असं. पोरीला चांगलं वळण आहे असं दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलं, तर एमेलिने तिला इथे ठेवण्याचा विचार करील. म्हणजे सहा आठवडे हातात आहेत. पुष्कळ झाले. मी सात मुलांना वळण लावलं आहे. सातही आज परदेशात आहेत. हे बायकोला ऐकवलं, तर फुआतिनो म्हणाली, अहो, तेच तर म्हणते मी.

तिला काय म्हणायचं होतं ते कळलं नाही. पाणी पिऊन पडलो.

५ सप्टेंबर, गुरुवार
आज महिला समितीची बाळांची वजनं घेण्याची सभा. तिथे पुरुष जात नाहीत. मी अध्यक्षांच्या खास आग्रहावरून गेलो. अध्यक्ष म्हणजे माझी थोरली बहीण सालिलो. तिने वजनकाटा उचलून आणून द्यायला सांगितलं होतं. काटा ठेवल्यावर जा असं ती म्हणाली नाही, म्हणून खांबाआड बसलो. म्हणाली असती तर गेलो असतो. बहिणीचा शब्द मोडला तर डोळे जातात म्हणतात. माझे आधीच अधू आहेत.

नर्सबाईंचं नाव सुलामी. वय सव्वीस असेल. स्वतःला मूल नाही, त्यामुळे ठाम बोलतात. म्हणाल्या, मुलांना मारू नका, मारलं की मूल चूक विसरतं आणि मार लक्षात ठेवतं. नियम थोडे ठेवा, आणि घरातल्या सगळ्यांचे सारखे ठेवा. चांगलं वागलं तर लगेच सांगा, काय चांगलं केलं तेही सांगा. बारीकसारीक खोड्यांकडे काणाडोळा करा. फारच अनावर झालं तर एका शांत कोपऱ्यात बसवा, वर्षाला एक मिनिट या हिशेबाने. आणि त्याआधी स्वतः शांत व्हा.

एका म्हातारीने विचारलं, मग बाई, केरसुणीचं काय करायचं? नर्सबाई म्हणाल्या, घर झाडा. बायका इतक्या हसल्या की काट्यावरचं बाळ रडायला लागलं.

मला तीन शंका होत्या. पहिलीच विचारायला तोंड उघडलं तर सालिलोअक्का म्हणाली, औकुसो, तू अजून इथेच? चल, काटा उचल.

तरी सगळं लक्षात ठेवलं आहे. उद्यापासून सुरुवात. एक आठवडा पुरे.

६ सप्टेंबर, शुक्रवार
पाइपाइने फुआतिनोच्या चटईवर कोको सांडला आणि त्यात बोटाने डुक्कर काढलं. मी चप्पल उचलली नाही. (उचलली, पण परत ठेवली.) शांतपणे म्हटलं, कोपऱ्यात जाऊन बस, चार मिनिटं.

ती म्हणाली, कोपरा कुठे आहे?

मी घरभर पाहिलं. लंबगोल मांडलेले चौदा खांब आणि वर छप्पर. आमच्या घराला कोपरा नाही. गावात पाद्रीबाबांचं एक सोडलं तर कुणाच्याच घराला नाही, आणि भिंतीही नाहीत. हे नर्सबाईंच्या लक्षात आलेलं दिसत नाही. माझ्या आलं.

तिला रस्त्याकडच्या खांबाशी बसवलं. पहिल्या मिनिटाला शेजारच्या बाईने विचारलं, काय गं पाइपाइ, काय झालं? तिने सगळं सांगितलं. दुसऱ्या मिनिटाला शाळेतून येणारी पाच मुलं थांबली. तिसऱ्या मिनिटाला सालिलोअक्का आली. अगं बाई, एकटीच बसलीस? म्हणाली आणि टोपलीतली गरम भजी काढून तिच्या हातात ठेवली. बहिणीपुढे काय बोलणार? चौथ्या मिनिटाला पाइपाइने मलाही एक भजं दिलं.

उपाय चालतो. मूल शांत बसलं.

७ सप्टेंबर, शनिवार
सकाळपासून पाइपाइ तीनदा आपणहून खांबाशी जाऊन बसली आणि रस्त्याकडे बघत राहिली. फुआतिनो म्हणाली, भजी येताहेत का बघतेय ती. मला वाटतं, पश्चात्ताप आहे.

९ सप्टेंबर, सोमवार
काणाडोळा. याला मनाची ताकद लागते. पाइपाइ कोंबड्यांशी बोलत होती, मी काणाडोळा केला. कोंबड्यांना घरात आणलं, काणाडोळा. भाताचं पातेलं त्यांच्यापुढे ठेवलं, तरीही. फुआतिनो बागेतून आली आणि म्हणाली, अहो, झोपला होतात की काय? मी म्हटलं, उपाय चालू आहे. ती म्हणाली, जेवायला काय आहे ते आता उपायालाच विचारा.

उकडलेली हिरवी केळी खाल्ली. नुसती.

११ सप्टेंबर, बुधवार
पायाचा अंगठा ठणकतो आहे. शिस्त बंद.

१४ सप्टेंबर, शनिवार
कौतुक. हे मला जमणारच. गावाच्या वतीने भाषण करण्याचा मान मला कधी दिला गेला नाही, पण तो राजकारणाचा भाग आहे. शिकलेल्या चार इयत्तांवर माणसाची जीभ ठरत नाही.

पाइपाइने स्वतःची पाण्याची वाटी आपणहून उचलून ठेवली. लगेच भाषण करणारे धरतात तशी काठी हातात घेऊन उभा राहिलो. आधी आमच्या घराण्याच्या मूळ पुरुषाला वंदन केलं, मग गावाच्या चारही कुटुंबांना, मग आकाश, समुद्र, माडाची उपमा, तिची आई, तिच्या आईची आई (इथे फुआतिनो उठून गेली). वाटीपर्यंत पोचायला पंचवीस मिनिटं लागली. बघतो तर पाइपाइ गाढ झोपलेली.

एमेलिनेला कळवायला हरकत नाही की पोरगी दुपारी वेळेवर झोपते.

१७ सप्टेंबर, मंगळवार
नर्सबाई रस्त्यात भेटल्या. त्यांना माझी प्रगती सांगितली. त्या म्हणाल्या, आजोबा, हुकूम कमी करा, दोन गोष्टींतली एक निवडू द्या, म्हणजे मुलाला आपलं म्हणणं चालतंय असं वाटतं.

घरी येऊन म्हटलं, पाइपाइ, आधी आंघोळ की आधी केस विंचरायचे? ती म्हणाली, आधी समुद्र. मी म्हटलं, समुद्र यात नाही. मग तिने मला विचारलं, आजोबा, तू गप्प बसतोस की बाहेर जातोस?

बाहेर गेलो. हवा चांगली होती.

१८ सप्टेंबर, बुधवार
घरातले नियम सगळ्यांचे सारखे हवेत. अडचण एकच. मी नाही म्हणतो आणि सालिलोअक्का हो म्हणते. तिचं घर समोर. पोरगी पळत जाते आणि तोंडाला साखर लावून येते. अक्काला हे तोंडावर सांगणं अशक्य. फुआतिनोला म्हटलं, तू सांग. ती म्हणाली, तुमची बहीण, तुमचे डोळे. मग चिठ्ठी लिहिली. तीन वेळा फाडली. शेवटी चिठ्ठीत एवढंच उरलं: आदरणीय अक्का, तुमची भजी छान असतात.

पाइपाइबरोबर पाठवली. उत्तरादाखल टोपलीभर भजी आली.

२१ सप्टेंबर, शनिवार. दुपार.
एक तास अकरा मिनिटं खांबाशी बसून चिंतन केलं. त्याआधी थोडा आवाज चढला होता. कारण क्षुल्लक: माझा चष्मा डुकराच्या खोपट्यात सापडला. चिंतनाने बरं वाटलं. पाइपाइ समोरच बसून होती, अधूनमधून अजून नाही म्हणत होती. तिला खेळ वाटला असेल.

२४ सप्टेंबर, मंगळवार
एमेलिनेचा फोन. म्हणाली, बाबा, मागून ओरडतंय कोण? मी म्हटलं, रेडिओ. पाइपाइ फोनमध्ये तोंड घालून म्हणाली, मी रेडिओ.

एकोणीस दिवस उरले.

२५ सप्टेंबर, बुधवार. सकाळी सहा.
सापडलं! रोज संध्याकाळी प्रार्थनेचा शंख वाजतो आणि गावात पान हलत नाही. कुणी रस्त्यावर पाऊल टाकत नाही. पाइपाइसुद्धा दहा मिनिटं पुतळ्यासारखी बसते. म्हणजे तिला शांत बसता येतं, फक्त शंख लागतो! आणि शंख आमच्या आढ्याला टांगलेला आहे. माझा बाप गावाचा शंख फुंकायचा. आजवर कुणालाच, नर्सबाईंनासुद्धा, हे सुचलं नाही. आज पोरगी अनावर झाली की फुंकायचा. अगदी हळू. घरापुरता.

तोच दिवस. संध्याकाळ.
दुपारी दोनला पाइपाइने माझ्या पवित्र पुस्तकावर उभं राहून नाच सुरू केला. शंख काढला आणि हळू फुंकला. शंख हळू वाजत नाही. हे बापाने सांगायला हवं होतं.

गाव थांबलं. व्हॉलीबॉल खेळणारी पोरं मैदानात होती तिथेच मांडी घालून बसली. बस रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. ओहोटीच्या पाण्यात शिंपले वेचायला गेलेल्या बायका गुडघाभर पाण्यात टोपल्या धरून उभ्या. पाद्रीबाबा स्वयंपाकघराच्या छपरावर पत्रा ठोकत होते, ते तिथेच हात जोडून बसले. दुकानदाराने फळी ओढली. दिवसाउजेडी प्रार्थना म्हणजे कुणीतरी मोठं गेलं असणार, असं समजून दोघीतिघी रडायलाही लागल्या.

संपल्याचा शंख फुंकल्याशिवाय कुणी हलत नाही. तो फुंकायला गेलो तर दम लागलेला. वारा यायचा, आवाज नाही. अर्धा तास गेला.

सगळ्या गावात हलणारं माणूस एकच होतं, पाइपाइ; तिची दहा मिनिटं संपली होती. तिला अडवायला रस्त्यावर कुणी नव्हतं. ती बसमध्ये चढली, ड्रायव्हरच्या मांडीवर बसली आणि हॉर्न वाजवत राहिली. ड्रायव्हर डोळे मिटून प्रार्थना करत होता. शेवटी तो हॉर्न म्हणजेच संपल्याची खूण, असं लोकांनी मानलं.

तत्त्व बरोबर होतं. आवाजाचं माप चुकलं.

२८ सप्टेंबर, शनिवार
गावसभेपुढे बोलावणं. दंड म्हणून आमचं मोठं डुक्कर दिलं. मी भाषण तयार करून गेलो होतो, पण बसा म्हणाले. मुखिया म्हणाले, औकुसो, तुझ्या बापाने चाळीस वर्षं शंख फुंकला, गावाला एकदा धक्का बसला नाही. बापाची आठवण सर्वांना झाली हे पाहून भरून आलं.

परत येताना सालिलोअक्का भेटली. म्हणाली, अरे, पोरगी तुला हवी आहे ना? मग तिला तसं सांग की. मी म्हटलं, अक्का, तो शिस्तीचा भाग नाही. ती म्हणाली, गाढवा. थोरली आहे, बोलते.

८ ऑक्टोबर, मंगळवार
नर्सबाई घरी आल्या. मी पाइपाइला सकाळीच बजावून ठेवलं होतं आणि कबूल केल्याप्रमाणे दोन गोड गोळ्याही दिल्या होत्या. नर्सबाईंनी तिला एका पायावर उभं केलं, मोजायला लावलं, माणूस काढायला सांगितलं. तिने माणूस काढला. त्याला तोंड फार मोठं होतं. आजोबा, म्हणाली.

मग नर्सबाईंनी विचारलं, घरात कुणी रागावलं की काय करता गं? मी मागून खुणा करत होतो. ती म्हणाली, आजोबा ओरडला की मी त्याला खांबाशी बसवते. किती वेळ? वर्षाला एक मिनिट. पण आजोबा एकाहत्तरचा आहे, म्हणून खूप वेळ लागतो. मला जेवायला उशीर होतो.

नर्सबाई तोंडावर वही धरून बसल्या. हसत होत्या की लिहीत होत्या ते दिसलं नाही. मी खुलासा केला की ते चिंतन होतं. मग त्यांनी माझा रक्तदाब घेतला. नंतर म्हणाल्या, आजोबा, मुलगी छान आहे. बघा, ती तुम्हाला मारत नाही, ओरडत नाही, शांतपणे बसवते आणि वेळ भरेपर्यंत सोबत बसते. हे ती इथेच शिकली ना?

माझ्याकडून! हे त्यांनी म्हटलं नाही, पण दुसऱ्या कुणाकडून शिकणार?

जाताना विचारलं, मग एमेलिनेला काय सांगाल? त्या म्हणाल्या, एवढंच सांगीन की तिला ओढून नेऊ नका आणि अडवूनही ठेवू नका. मुलीच्या मनाची तयारी बघा.

म्हणजे जिंकलोच.

११ ऑक्टोबर, शुक्रवार
एमेलिने आली. मुक्काम सालिलोअक्काकडे, कारण तिथे पलंग आहे. बारीक झाली आहे. पाइपाइ पहिला तासभर फुआतिनोच्या मागे लपली. मी समाधानाने पाहत होतो. दुसऱ्या तासाला आईच्या मांडीवर. तिसऱ्या तासाला दोघी समुद्रावर. मी बोलावलं, पाइपाइ, इकडे ये. आली नाही. पुन्हा बोलावलं. नाही. एमेलिनेने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ऐकते, पण स्वतःच्या वेळेने.

एमेलिने म्हणाली, नर्सबाई बोलल्या माझ्याशी. मी तिला रडवून नेणार नाही, बाबा. तिकीट काढलंय, पण परत करता येतं. सोमवारी बोटीकडे जायला गाडी येईल. ती आपणहून बसली तर नेईन.

१३ ऑक्टोबर, रविवार
पांढरा रविवार. पाइपाइ पांढऱ्या फ्रॉकमध्ये. देवळात सगळ्या मुलांनी आपापली वचनं म्हटली. तिने स्वतःचं म्हटलं, शेजारच्या मुलाचंही म्हटलं. दुपारी रिवाजाप्रमाणे मुलं आधी जेवली आणि आम्ही मोठ्यांनी वाढलं. मी तिच्यापुढे ताट धरून बसलो. तिने मासा खाल्ला, काटे माझ्या हातावर ठेवले. एमेलिने तिला ऑकलंडच्या घराचं सांगत होती. खोली आहे, दार आहे, खिडकीला पडदा आहे. पाइपाइने विचारलं, दार बंद केलं तर आजोबा कुठून येणार?

फुआतिनो भांडी घासताना म्हणाली, अहो, पोरीला एकदा राहा म्हणा. तोंडाने म्हणा. मी म्हटलं, तुला मुलांचं मन कळत नाही. सहा आठवडे अभ्यास केला आहे मी. आजवर या मुलीने माझं एकही वाक्य पहिल्या सांगण्यात ऐकलेलं नाही. ऊठ म्हटलं की झोपते, ये म्हटलं की पळते. राहा म्हटलं तर नक्की जाईल.

तेव्हा उपाय सरळ आहे. उद्या सगळ्यांसमोर मी तिला जा म्हणणार. ती खांबाला मिठी मारील. एमेलिने तिकीट परत करील. मला कुणापुढे हात जोडायला नकोत, आणि माझा अडथळा नव्हता हे सगळ्यांना दिसेल.

इतका शांत मी या सहा आठवड्यांत नव्हतो.

१४ ऑक्टोबर, सोमवार
आठला गाडी आली. अक्का, फुआतिनो, शेजारचे सगळे जमले. नर्सबाई बोटीकडेच निघाल्या होत्या, त्याही थांबल्या. पाइपाइ अंगणात कोंबडीच्या मागे होती. हातपाय मातीने भरलेले. सगळं माझ्या मनासारखं होतं.

मी पुढे झालो. आवाज चढवला नाही. एकदाच म्हटलं, पाइपाइ, जा, आईबरोबर गाडीत बस.

ती थांबली. कोंबडी सोडली. माझ्याकडे बघत विचारलं, खरंच? सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, हो.

ती नळावर गेली, हात धुतले, पाय धुतले. चपला घातल्या, डावी डाव्या पायात आणि उजवी उजव्या. म्हाताऱ्यांच्या पुढून जाताना कंबरेत वाकून गेली. आजीला भेटली, अक्काला भेटली. माझ्या गालाला नाक लावलं. तिच्या नाकाला अजून मातीचा वास होता. मग गाडीत चढून मधल्या सीटवर बसली, हात मांडीवर ठेवून.

मी एका खांबाला धरून उभा होतो. मला वाटलं, आता उतरेल. आता.

एमेलिनेने खाली वाकून विचारलं, पिल्ला, तुला खरंच यायचंय ना माझ्याबरोबर? ती म्हणाली, आजोबांनी सांगितलंय.

एमेलिने रडायलाच लागली. माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, बाबा, माफ करा, मला वाटायचं तुम्ही नुसत्या बढाया मारता. ही खरंच ऐकते हो तुमचं.

मी म्हटलं, पहिल्या सांगण्यात.